विमानतळाला डबल डेकर गाडी का नाही? पर्वत पाटियाचा मेट्रोचा हिशेब

पर्वत पाटिया (सुरत) : पर्वत पाटियावरून मगोब, सारोलीच्या कापड मार्केटकडे निघालं की मेट्रोचे खांब सोबत चालतात. लिंबायत, गोडादरा, डिंडोलीसारखीच या भागातही नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली घरं भरपूर आहेत. त्यांच्यात मेट्रोचा विषय निघाला की दोन प्रश्न येतातच. एक, ही गाडी विमानतळापर्यंत नेणार का? आणि दोन, सुरतेत एवढी गर्दी असताना फ्लाइंग राणीसारखे दोन मजली डबे का लावत नाहीत?

दुसरा प्रश्न सुरतेत निघणं साहजिक आहे. मुंबई सेंट्रल-सुरत फ्लाइंग राणीला १८ डिसेंबर १९७९ पासून दुमजली डबे होते. पहाटे सुरतहून निघायचं, मुंबईत कामं उरकायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत यायचं, असं अनेक व्यापाऱ्यांनी आणि नोकरदारांनी वर्षानुवर्षं केलं. जुलै २०२३ मध्ये ते जुने डबे काढून एलएचबी डबे लावले गेले. नवे डबे जास्त सुरक्षित आहेत यात वाद नाही. पण अप-डाऊन करणाऱ्या पासवाल्याला आधी बसायला जागा मिळते की नाही हे बघावं लागतं, आणि जागा घटल्या म्हणून नाराजी होणारच.

मग मेट्रोला का नको?

मुळात दोन मजले म्हणजे दुप्पट माणसं, हा समजच चुकीचा आहे. एलएचबीच्या साध्या एसी चेअर कारमध्ये ७८ जागा असतात, तर एसी डबल डेकर डब्यात १२०. म्हणजे वाढ साधारण दीडपट. कारण डब्याच्या दोन्ही टोकांना खाली चाकांचा सांगाडा असतो, तिथे दुसरा मजला बसत नाही. मधल्या भागात खालचा मजला फलाटाच्या पातळीपेक्षा खाली उतरवावा लागतो, वरच्याचं छत खाली आणावं लागतं. जिने जागा खातात ती वेगळीच. डोक्यावर बॅगा ठेवायची फळी तर जवळपास नावालाच उरते.

विमानतळाच्या गाडीचं घोडं नेमकं इथेच अडतं. विमानाला निघालेला माणूस हात हलवत येत नाही. दुबई, शारजाला जाणाऱ्याकडे दोन मोठ्या बॅगा असतात, पोहोचवायला आलेले दोन नातेवाईक असतात आणि एखादी म्हातारी आजीही असते. अरुंद जिन्यावरून हा सगळा बारदाना वर चढवायचा, स्टेशन आलं की खाली उतरवायचा. तोपर्यंत दाराशी गर्दी अडकते आणि गाडी थांबून राहते.

सुरत मेट्रोची दुसरी मार्गिका भेसाण ते सारोली १८.७४ किलोमीटरची आहे आणि तिच्यावर १८ स्टेशनं आहेत. म्हणजे किलोमीटरला एक थांबा. प्रत्येक थांब्यावर चढ-उताराला फक्त अर्धा मिनिट जास्त लागला असं धरलं, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-नऊ मिनिटं गेली. मागची गाडीही तेवढीच खोळंबणार, तासाच्या फेऱ्या कमी होणार. डब्यात वाढवलेली माणसं फेऱ्यांत गमावली, तर नफा काय राहिला? म्हणून मेट्रोवाले तीन डब्यांची एकमजली, रुंद दारांची गाडी घेतात आणि ती लवकर लवकर सोडतात. सुरतचा आराखडा तसाच आहे. वीजही डोक्यावरच्या तारेतून नाही, रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून, ७५० व्होल्टची.

जगात विमानतळाला दुमजली विजेच्या गाड्या नाहीत असं नाही. मॉस्कोच्या एअरोएक्सप्रेसने स्टॅडलर कंपनीकडून अशा गाड्या घेतल्या. पण तिथे शहरातून बसलेला बहुतेक प्रवासी थेट विमानतळावरच उतरतो, अधेमधे चढ-उतार फार नाही. शिवाय रशियात रूळ रुंद आणि गाडीच्या उंचीला मोकळीक जास्त. अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाखालून दुमजली इंटरसिटी जातात, त्याही लांब पल्ल्याच्या. सिडनीचं उदाहरण जास्त बोलकं आहे. तिथे २००० पासून विमानतळाच्या भुयारी मार्गावर दुमजली लोकल धावतात. मात्र त्याच शहराने पश्चिम भागातल्या नव्या विमानतळासाठी मेट्रो आखली, तेव्हा गाडी एकमजली निवडली. आपल्याकडे दिल्लीची एअरपोर्ट एक्सप्रेस २०११ मध्ये सुरू झाली, तीही एकमजलीच आहे.

इथे एक घोळ सोडवायला हवा. नागपूरच्या 'डबल डेकर मेट्रो'बद्दल बरेच जण ऐकून असतात. तिथे गाडी नाही, पूल दुमजली आहे. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरच्या पुलावर खालच्या मजल्यावर वाहनं आणि वर मेट्रो चालते. ती मार्गिका विमानतळाकडे जाते म्हणून गोंधळ होतो, इतकंच.

आता पहिला प्रश्न, आणि खरा तोच. सुरत मेट्रोच्या मंजूर ४०.३५ किलोमीटरमध्ये विमानतळ नाही. सरथाणाहून निघणारी पहिली मार्गिका खजोदच्या ड्रीम सिटीला संपते. डायमंड बुर्स तिथेच आहे. विमानतळ तिथून आणखी पुढे, डुमस रोडला. १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी डायमंड बुर्स आणि विमानतळाचं नवं टर्मिनल या दोन्हींचं उद्घाटन केलं. बुर्सला मेट्रोचं स्टेशन मिळालं, टर्मिनलला नाही. दोन मजल्यांच्या चर्चेपेक्षा हा शेवटचा तुकडा सामान्य प्रवाशाला जास्त महाग पडणार आहे, कारण बॅगा घेऊन तिथे रिक्षा किंवा बसच शोधावी लागेल.

पर्वत पाटियाच्या माणसाला जवळच्या मॉडेल टाउन किंवा मगोब स्टेशनवरून बसून मजुरा गेटला गाडी बदलावी लागेल आणि ड्रीम सिटीला उतरावं लागेल. नंदुरबार, नवापूर, दोंडाईचाकडून येणाऱ्यांनी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवावी. मेट्रोचं 'उधना दरवाजा' म्हणजे रेल्वेचं उधना स्टेशन नव्हे. उधना दरवाजा रिंग रोडवर आहे आणि दोन्हींमध्ये चांगलं अंतर आहे. मेट्रो सुरू झाल्यावर विमानतळाला जायचं असेल आणि गाडी सुरतपर्यंत असेल, तर उधन्याला न उतरता पुढे जावं. सुरत रेल्वे स्टेशनजवळ पहिल्या मार्गिकेचं भुयारी स्टेशन आहे, तिथून ड्रीम सिटीपर्यंत गाडी बदलायची गरज नाही. गाडी उधन्यालाच संपत असेल, तर सध्यासारखंच रिक्षावाल्याशी भाडं ठरवून निघावं लागेल.