बुरशीभक्षक फुलकिडे : ओळख व वर्गीकरण

कांदा, मिरची व कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस फुलकिडे नवे नाहीत. ही कीड पाने खरवडून रस शोषते व पिकाची मोठी हानी करते. परंतु प्रत्येक फुलकिडा पिकाचा शत्रू असतो, ही समजूत बरोबर नाही. भोपाळजवळील मंडीदीप या औद्योगिक वसाहतीपासून रातापाणीचे सागाचे अरण्य दूर नाही. अशा पानझडी अरण्यांत फांदीवर लोंबणाऱ्या वाळक्या पानांवर बुरशी वाढते. तिच्यावरच उपजीविका करणारे काळपट फुलकिडे हिरव्या पिकास उपद्रव देत नाहीत.

हालिडे यांनी १८३६ मध्ये या कीटकगणास ‘थायसनॉप्टेरा’, म्हणजे झालरपंखी, असे नाव दिले. त्याचे दोन उपगण आहेत. टेरेब्रान्शिया उपगणातील मादीस अंडी घालण्यासाठी करवतीसारखा अवयव असतो. ट्युब्युलिफेरा उपगणात उदराचा शेवटचा खंड नळीसारखा असतो. बुरशीभक्षक जाती बहुतांशी या दुसऱ्या उपगणात मोडतात.

त्यांतील भेद मुखातील सुयांवरून कळतो. बुरशीच्या तंतूंचा रस शोषणाऱ्या जातींत या सुया सुमारे २ ते ३ मायक्रॉन रुंद असतात. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) इडोलोथ्रिपिनी उपकुलात त्या ५ ते १० मायक्रॉन रुंद असून हे कीटक बुरशीचे बीजाणू अखंड गिळतात.

एलाफ्रोथ्रिप्स ही याच उपकुलातील प्रजाती होय. तिचे डोके लांबट व डोळ्यांपुढे वाढलेले असते. मात्र एकाच जातीतील मोठ्या नराचे पुढचे पाय जाडजूड असतात, तर लहान नर मादीसारखाच दिसतो. त्यामुळे पूर्वी एकाच जातीस अनेक नावे दिली गेली. भारतात डॉ. टी. एन. अनंतकृष्णन यांनी या कीटकांचा सखोल अभ्यास केला. माउंड व पामर यांनी १९८३ मध्ये बीजाणुभक्षक गटाचे वर्गीकरण नव्याने मांडले.

म्हणून नमुने गोळा करताना एकाच ठिकाणचे लहानमोठे नर व माद्या एकत्र घ्याव्यात. वाळकी फांदी पांढऱ्या कापडावर झटकावी, पडलेले कीटक ओल्या कुंचल्याने उचलून मद्यार्कात ठेवावेत आणि कुपीवर ठिकाण, दिनांक व झाडाचे नाव लिहावे. शाळांतील विज्ञानशिक्षकांस हा उपक्रम सहज हाती घेता येईल.

वाळक्या पानावर काळा फुलकिडा दिसताच औषध फवारणे हा निव्वळ अपव्यय होय. आधी ओळख, मग उपाय, हाच क्रम हितावह आहे.