प्रामाणिक तोतये

पानिपतच्या लढाईनंतर काही वर्षांनी सदाशिवरावभाऊंचा तोतया प्रकट झाला आणि त्याने मराठी राज्यात मोठी खळबळ उडवून दिली. तेव्हापासून तोतया म्हटले की आपल्याला लबाडीच आठवते. पण आज ज्या तोतयांविषयी बोलायचे आहे ते प्रामाणिक आहेत, आणि आपल्या बँकेतले पैसे सुरक्षित राहावेत म्हणून राबतात.

समजा, तुम्ही मोबाइलवरून त्याच बँकेतल्या मुलीच्या खात्यावर २००० रुपये पाठवले. तुम्ही बटण दाबताच बँकेच्या संगणकावर एक प्रोग्रॅम कामाला लागतो. खात्यांच्या नोंदी ठेवणे हे त्याचे काम नाही, ते डेटाबेसचे. एसएमएस पोचवणे हेही त्याचे काम नाही. त्याचे काम कारभाऱ्याचे. शिल्लक पुरेशी आहे का हे विचारायचे, इकडून वजा करायला सांगायचे, तिकडे जमा करायला सांगायचे आणि शेवटी निरोप धाडायचा. आधी काय, नंतर काय आणि कोणत्या वेळी काहीच करायचे नाही, हे तो ठरवतो. संगणकवाले या भागाला ‘ॲप्लिकेशन सर्व्हिस’ म्हणतात.

हा कारभारी नीट वागतो का, हे तपासायचे कसे? खऱ्या खात्यांवर प्रयोग करता येत नाहीत. दर चाचणीला कुणाला तरी एसएमएस पाठवणेही बरे नव्हे. आणि खरी परीक्षा तर संकटाच्या वेळची. पैसे वजा झाले आणि जमा होण्याआधीच यंत्रणा बिघडली, तर कारभारी काय करतो? हवा तेव्हा, हवा तसा बिघाड खऱ्या यंत्रणेत घडवून आणणे कठीण असते.

म्हणून खऱ्या डेटाबेसच्या आणि एसएमएस यंत्रणेच्या जागी तोतये उभे करतात. त्यांना आधी पढवून ठेवायचे. ‘शिल्लक विचारली तर १५०० सांग.’ मग कारभाऱ्याला २००० पाठवण्याचा हुकूम द्यायचा आणि पाहायचे, त्याने नकार दिला का? कुणाच्या खात्याला हात तर लावला नाही ना? ‘पैसे पोचले’ असा खोटा निरोप तर धाडला नाही ना? दुसऱ्या चाचणीत तोतयाला सांगायचे, ‘जमा करायची वेळ आली की बिघाड झाला म्हण.’ आता कारभाऱ्याने सगळा व्यवहार मागे घ्यायला सांगितले पाहिजे. अशा शेकडो चाचण्या चहाचा कप संपायच्या आत होतात. अट एकच. कारभाऱ्याने आपला डेटाबेस स्वतः शोधून आणायचा नाही, तो बाहेरून त्याच्या हाती दिला पाहिजे. तरच खऱ्याच्या जागी तोतया देता येतो.

ही पद्धत फार जुनी नाही. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी विमानप्रवासात ‘जेयुनिट’ हे जावा भाषेतल्या चाचण्यांचे साधन लिहायला घेतले. २००० मध्ये टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी ‘मॉक ऑब्जेक्ट’ची कल्पना एका निबंधात मांडली. पुढे जेरार्ड मेसारोस यांनी सिनेमातल्या स्टंट डबलवरून अशा सर्व तोतयांना ‘टेस्ट डबल’ म्हटले. त्यांच्यातही जाती आहेत. नुसती पढवलेली उत्तरे देतो तो ‘स्टब’. आपल्याशी अपेक्षेप्रमाणेच बोलणे झाले का, हे ताडून पाहतो तो ‘मॉक’.

मात्र इथे एक धोका आहे. तोतयाला पढवतो कोण? आपणच. कारभारी रक्कम रुपयांत सांगतो, असे धरा. खरा डेटाबेस तोच आकडा पैशांत समजत असेल, तर २००० रुपयांचे २० रुपये होतील. पण तोतया आपल्याच समजुतीने घडलेला. तो मान डोलावेल आणि साऱ्या चाचण्या पास होतील.

अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोचून नष्ट झाले, त्यामागे असाच मापांचा घोळ होता. तिथे दोष तोतयांचा नव्हता. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम धक्क्याचे आकडे पाउंडांच्या मापात देत होता, आणि ते वापरणारा प्रोग्रॅम ते न्यूटनच्या मापात धरत होता. फरक सुमारे साडेचार पटींचा. दोघांची गणिते आपापल्या जागी चालत होती, पण दोघांमधला करार कुणी पुरता तपासला नव्हता.

म्हणून जाणते प्रोग्रॅमर तोतयांबरोबरच्या चाचण्या भरपूर करतात, पण थोड्या चाचण्या खऱ्या डेटाबेसबरोबरही करतातच. कारभाऱ्याच्या प्रत्येक हालचालीवर मॉकचा पहारा बसवणेही ते टाळतात, नाही तर आतली निरुपद्रवी मांडणी बदलली तरी चाचण्या उगाच नापास होतात. पैसे योग्य जागी गेले का आणि नको तिथे गेले नाहीत ना, एवढे कसून पाहिले म्हणजे झाले.

तोतया कामाचा खरा, पण तो मुळासारखा वागतो की नाही हे सांगायला मूळ माणूस पाहिलेला असावा लागतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)