न विचारता भरलेला रकाना

संगणकाच्या व्यवहारात ‘डिफॉल्ट’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे. वापरणाऱ्याने स्वतः काही निवडले नाही, तर यंत्राने काय धरून चालायचे, हे यंत्र बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. त्यालाच डिफॉल्ट म्हणतात. शब्द नवा आहे, पण ही रीत आम्हाला नवी नाही. या देशात मूल जन्मले की त्याला कोणी विचारत नाही. त्याची जात, पायरी आणि गावातली जागा आधीच ठरलेली असते. चातुर्वर्ण्य म्हणजे दुसरे काय होते? बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेवर घाव घातला, ती अशीच न विचारता लादलेली होती.

हे आज लिहिण्याचे कारण आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घेतला. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलेली ही जनगणना कागदावर नव्हे, मोबाईल अॅपवर करण्याचे ठरले. म्हणजे आमची जात आणि आमचा धर्म आता वहीत नव्हे, तर डेटाबेसमध्ये जाणार. तेव्हा डेटाबेसमध्ये डिफॉल्ट कोण ठरवतो, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा राहत नाही.

डेटाबेसमधील टेबल म्हणजे रकाने आखलेली वहीच. फरक इतकाच की, येथे प्रत्येक रकान्याला डिफॉल्ट किंमत देता येते. समजा, ‘धर्म’ या रकान्याला कोणी ‘हिंदू’ अशी डिफॉल्ट किंमत देऊन ठेवली. नोंद करणाऱ्या ऑपरेटरने घाईत तो रकाना तसाच सोडला, की यंत्र तेथे ‘हिंदू’ लिहून मोकळे होते. पुढे ती नोंद पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही, की त्या माणसाने स्वतः हिंदू सांगितले, की त्याला कोणी विचारलेच नाही. रकाना रिकामा राहिला असता तर निदान उणीव दिसली असती. डिफॉल्टने भरलेला रकाना मात्र उत्तर दिल्यासारखा दिसतो, आणि खोटी नोंद खरी म्हणून आकडेवारीत जाते.

कायद्यातही असे डिफॉल्ट आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २ वाचा. तो कायदा बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहेच; शिवाय जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, अशा भारतात अधिवास असलेल्या इतर व्यक्तीलाही, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तो लागू आहे. म्हणजे काही सिद्ध न केलेला माणूस आपोआप त्या खात्यात! अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशातही धर्माची अट होती. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. बौद्धांना मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म स्वीकारलेल्या समाजाने केंद्राच्या सवलतींसाठी ३४ वर्षे वाट पाहिली. त्या काळात किती घरांतून मनात बुद्ध आणि दाखल्यावर ‘हिंदू’ असे चालले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. या आकड्यांबाहेर किती राहिले, हा प्रश्न म्हणूनच आजही विचारला जातो.

ही झाली रकान्याची गोष्ट. पण डेटाबेसमध्ये दुसरेही डिफॉल्ट असते, ते वापरणाऱ्यांच्या अधिकारांचे. नोंदवही कोणी उघडायची, कोणी फक्त वाचायची, कोणी बदलायची, हेही आधीच ठरलेले असते. ते तसेच ठेवले तर काय होते, याचे दाखले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एसए’ हे सर्वाधिकारी खाते असते. अनेकांनी त्याचा पासवर्ड कोराच ठेवला होता; मे २००२ मध्ये एक किडा नेमका त्याच दारातून जगभरच्या संगणकांत शिरला. लहान संस्थांत वापरल्या जाणाऱ्या अॅक्सेसच्या जुन्या फायलींत ‘अॅडमिन’ हा वापरकर्ता पासवर्डशिवाय आणि पूर्ण अधिकारांसह आधीच बसवलेला असे. २००७ च्या नव्या फाईल पद्धतीत तर वापरकर्त्यागणिक अधिकार देण्याची ती सोयच काढून टाकली गेली. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड न लावता इंटरनेटवर उघडे ठेवलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस चोरांनी पुसले आणि खंडणी मागितली.

बनवणारेही यातून शिकले. मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीत, २०१५ पासून, निनावी खाते गेले आणि मुख्य खात्याला पासवर्ड आला. पोस्टग्रेएसक्यूएलने २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत सामायिक जागेत कोणालाही टेबल बनवू देणारा आपोआपचा अधिकार काढून घेतला. डिफॉल्ट म्हणजे निसर्गनियम नव्हे. माणसाने ठरवलेले माणूस बदलू शकतो.

येथे कोणी आम्हाला विचारील, की चवदार तळे सर्वांना खुले करणारे तुम्ही, आता नोंदवहीला कुलूप लावा म्हणता, हे कसे? प्रश्न रास्त आहे. तळे सार्वजनिक होते, त्यावर सर्वांचा हक्क होता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आमचा माणूस पाण्यापर्यंत पोहोचला नव्हता. कागदावर परवानगी, व्यवहारात बंदी! माणसाची जात, त्याचा धर्म, त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती ही मात्र तळे नव्हे. ती माहिती त्याची स्वतःची आहे. सार्वजनिक असेल ते सर्वांना खुले आणि माणसाचे असेल ते त्याच्या संमतीशिवाय बंद, हे एकाच न्यायाचे दोन भाग आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, तेही याच न्यायाने.

कायदा येथे किती साथ देतो? २०१८ आणि २०१९ च्या विधेयकांच्या मसुद्यांत ‘जात किंवा जमात’ आणि धार्मिक श्रद्धा यांना संवेदनशील माहितीचा दर्जा होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो प्रकारच ठेवला नाही. मोबाईल नंबर आणि जात एकाच तराजूत! त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. मात्र त्या कायद्यात एक हत्यार आहे. कलम ६ प्रमाणे संमती ही माणसाने स्वतःच्या स्पष्ट कृतीने द्यायची आहे. आधीच टिक मारून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. जनगणना कायदा १९४८ चे कलम १५ वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवते, आणि कलम ८ खरे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर टाकते.

म्हणून सरकारकडे मागणी अशी, की धर्म आणि जात यांच्या रकान्यांत कोणतीही डिफॉल्ट किंमत नसावी, न विचारलेले उत्तर रिकामे दिसावे आणि भरलेली नोंद कुटुंबाला वाचून दाखवावी. बांधवांनीही प्रगणकाला धर्म ‘बौद्ध’ आणि आपली मूळ जात ठामपणे सांगावी, आणि पडद्यावर काय उमटले ते पाहावे.

पण आपल्या घराचे काय? विहार समित्या, वधू-वर सूचक मंडळे, वसतिगृहे, शिष्यवृत्ती देणारी मंडळे यांच्याकडे आज हजारो नावांच्या याद्या संगणकात आहेत. त्यात पत्ते, उत्पन्न, पोटजात सारे असते. अत्याचाराच्या प्रकरणातील साक्षीदारांची यादी चुकीच्या हाती पडली, तर गावात काय होऊ शकते, हे वकिली करणारे आम्ही जाणतो. तेव्हा सॉफ्टवेअर बसवताच सोबत आलेले पासवर्ड बदला. नव्या कार्यकर्त्याला आरंभी फक्त वाचण्याचा अधिकार द्या. बदलण्याचा अधिकार कामापुरता, नेमक्या माणसाला. सर्वांनी मिळून एकच खाते वापरू नका, म्हणजे कोणी काय बदलले याचा माग राहील. पद सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद करा. आणि ज्या माहितीची गरज नाही, उदाहरणार्थ पोटजात, तो रकानाच आखू नका.

जन्माने ठरवलेले नाकारण्याचा हक्क बाबासाहेबांनी संविधानाने आणि धम्माने दिला. तो हक्क यंत्राच्या हवाली करायचा नसेल, तर पुढचा प्रगणक दाराशी येईल तेव्हा आणि आपल्या मंडळाचा संगणक उघडेल तेव्हा, दोन्ही वेळी एकच प्रश्न विचारा: हे कोणी ठरवले, आणि आम्हाला विचारून ठरवले का?

जयभीम!