चंद्र खालीं कां पडत नाहीं?

कोजागिरीच्या रात्रीं गच्चीवर सतरंजी अंथरलेली असते, आटवलेल्या दुधाच्या पातेल्यांत चंद्रबिंब पडलेलें असतें, आणि घरांतील एकादें चौकस मूल आजोबांना विचारतें, "आजोबा, झाडावरचा आंबा खालीं पडतो; मग चंद्र कां पडत नाहीं हो?" "अरे, तो फार लांब आहे ना!" असें सांगून आजोबा त्याची समजूत घालतात. हें उत्तर पुरेसें नाहीं. प्रश्न मात्र थोर आहे. याच प्रश्नाचा नीट विचार झाला, तेव्हां आकाशाचा आणि धरणीचा कायदा एकच आहे, हें मनुष्यास गणितानें पटलें.

प्राचीन ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याच्या मतें चंद्राच्या खालचें जग निराळें आणि वरचें निराळें. खालीं जड वस्तु सरळ रेषेंत पडतात. वर मात्र वर्तुळांत फिरणें हाच तेजोगोलांचा स्वभाव. भारतांत भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' या ग्रंथांत पृथ्वी आपल्या शक्तीनें जड वस्तु स्वतःकडे ओढते, असें स्पष्ट म्हटलें आहे. परंतु ही ओढ अंतराबरोबर किती घटते, आणि चंद्रास वळविण्यास ती पुरते कीं नाहीं, याचें माप त्यांत नाहीं. तें माप पुढें सतराव्या शतकांत इंग्लंडांतील आयझॅक न्यूटन यानें काढलें.

प्रथम गोफणीचा दाखला घ्यावा. मचाणावर उभा राहून राखणदार गोफण गरगर फिरवितो. आंतील खडा वर्तुळांत फिरतो, कारण दोरी त्यास क्षणोक्षणीं मध्याकडे ओढीत असते. दोरीचें एक टोक सोडतांच खडा वर्तुळास स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेंत निघून जातो. म्हणजे सरळ जाण्यास ओढ लागत नाहीं, वळण्यास लागते. चंद्र पृथ्वीभोंवतीं सतत वळत आहे. तेव्हां त्यालाही पृथ्वीकडे ओढणारी एकादी दोरी असलीच पाहिजे. फळास खालीं आणणारी ओढ हीच ती दोरी असावी, असें न्यूटनला सुचलें. पण सुचणें निराळें आणि सिद्ध होणें निराळें.

सिद्धीचें गणित शाळेंतील विद्यार्थ्यासही करतां येण्याजोगें आहे. चंद्र पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारें ६,४०० किलोमीटर. म्हणजे झाडावरच्या फळापेक्षां चंद्र मध्यबिंदूपासून साठपट दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत घटत असेल, तर चंद्रापाशीं ती साठ गुणिलें साठ, म्हणजे ३,६०० पटींनीं कमी असली पाहिजे. उंचावरून सोडलेला दगड पहिल्या सेकंदांत ४·९ मीटर पडतो. त्यास ३,६०० नीं भागिलें असतां येतात सुमारें १·३६ मिलिमीटर. चंद्र दर सेकंदास एवढाच पडावा, असें हें अनुमान सांगतें.

आतां चंद्र खरोखर किती पडतो तें पाहूं. ताऱ्यांच्या संदर्भानें तो २७·३ दिवसांत एक प्रदक्षिणा पुरी करतो. प्रदक्षिणेच्या मार्गाच्या लांबीस तेवढ्या सेकंदांनीं भागिलें, म्हणजे त्याचा वेग सेकंदास सुमारें १·०२ किलोमीटर निघतो. ओढ नसती, तर एका सेकंदांत तो तेवढाच सरळ गेला असता. पण वर्तुळावर राहण्यासाठीं तो त्या सरळ रेषेपासून किंचित् आंत येतो. किती? भूमिति सांगते कीं, सरळ अंतराचा वर्ग करून त्यास वर्तुळाच्या व्यासानें भागावें. १·०२ च्या वर्गास ७,६८,००० नीं भागून किलोमीटरांचे मिलिमीटर करावे. उत्तर येतें पुन्हां सुमारें १·३६! एक आंकडा झाडाखालीं सांपडला, दुसरा आकाशांत. आणि दोन्ही जुळले. हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेंही सांगतां येते: दगड एका सेकंदांत जितका पडतो, तितकाच चंद्र एका मिनिटांत पडतो.

इ. स. १६६५ मध्यें प्लेगच्या सांथीमुळें केंब्रिज येथील विद्यापीठ बंद झालें आणि न्यूटन आपल्या खेड्यांतील घरीं गेला. त्या दिवसांत त्याच्या मनांत हा विचार घोळूं लागला. परंतु पडताळा चोख यावयाचा, तर पृथ्वीचें माप बिनचूक हवें. पिकार या फ्रेंच शास्त्रज्ञानें इ. स. १६६९-७० च्या सुमारास पृथ्वीची नवी मोजणी केली. इ. स. १६८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथांत न्यूटननें फ्रेंचांच्याच मोजणीचा आंकडा घेऊन हें गणित मांडलें. थोर कल्पनेलाही खऱ्या मापाची वाट पाहावी लागते, हा यांतील धडा.

तर मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, चंद्र पडतच आहे. पण पडतां पडतां तो आडवाही धांवत आहे. उंच डोंगरावरून दगड आडवा फेंकला, तर तो कांहीं अंतरावर जमिनीस लागतो. जोर वाढविला तर अधिक दूर लागतो. पृथ्वी गोल असल्यामुळें आठ किलोमीटरांत तिचा पृष्ठभाग सुमारें पांच मीटर खालीं वळतो. हवेचा अडथळा नसेल आणि दगडाचा वेग सेकंदास आठ किलोमीटर असेल, तर तो जितका पडेल तितकीच जमीनही त्याच्याखालून दूर सरेल. आणि तो पृथ्वीभोंवतीं फिरतच राहील. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें आकाशांत सोडलेला पहिला कृत्रिम उपग्रह याच तत्त्वावर फिरला.

येथें एका रूढ चुकीचा उल्लेख अवश्य आहे. अंतराळवीर यानांत तरंगतांना दिसतात, तेव्हां "तेथें गुरुत्वाकर्षण नाहीं" असें पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत लिहितात. पृथ्वीपासून चारशें किलोमीटर उंचीवर ही ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ दशांश असते. ती नसती, तर यान गोफणींतून सुटलेल्या खड्यासारखें सरळ निघून गेलें असतें. यान आणि अंतराळवीर दोघेही सारखेच पडत असल्यामुळें एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाहीं, इतकेंच. इ. स. १९८४ मध्यें राकेश शर्मा अंतराळांत तरंगत होते, तेव्हां तेही पृथ्वीकडे सतत पडतच होते.

पुढच्या कोजागिरीस कोणी मुलानें तोच प्रश्न विचारला, तर "चंद्र लांब आहे" असें म्हणून त्यास गप्प बसवूं नये. दुधाचा पेला त्याच्या हातीं द्यावा आणि सांगावें, "बाळ, हा पेला तुझ्या हातून सुटला तर ज्या ओढीनें खालीं येईल, त्याच ओढीनें तो चंद्र तेथें धरून ठेवला आहे." आणि मूल थोडें मोठें असेल, तर कागद-पेन्सिल देऊन वरचे दोन आंकडे त्याच्याकडूनच काढून घ्यावेत. ते जुळतांना पाहण्याचा आनंद कोणीं सांगून येत नाहीं. तो ज्याचा त्यानेंच मिळवावा लागतो.