एका किलोमीटरला किती मिनिटं? वय आणि पळण्याचा वेग

भाईजान, म्हणजे माझे थोरले भाऊ, 52 वर्षांचे. शुगर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फजरनंतर मैदानावर पळायला लागले. दोन महिने छान चाललं. मग माझ्या मुलाने मोठ्या हौसेने मामूंच्या मोबाइलमध्ये पळण्याचं अ‍ॅप टाकून दिलं, आणि चौथ्या दिवशी भाईजान घरीच बसले. विचारलं तर म्हणाले, "माझा पेस साडेआठ येतो. हा पोरगा सहाने पळतो. लोक हसतील."

पेस म्हणजे एक किलोमीटर पळायला लागलेली मिनिटं. आकडा लहान तितका वेग जास्त, इथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. 6 चा पेस म्हणजे तासाला 10 किलोमीटर. साडेआठ म्हणजे तासाला 7 किलोमीटर. भरभर चालणाऱ्याचा पेस 10 च्या आसपास असतो, आणि साधारण 7 किलोमीटरच्या वेगाला पाय आपोआप चालणं सोडून पळायला लागतात. म्हणजे भाईजान पळतच होते. हळू, पण पळतच.

आता वयाचं बघू. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये भाग घ्यायला वयानुसार पात्रतेची वेळ ठरवून दिलेली आहे. हे हौशी असले तरी फार कसलेले धावपटू असतात, त्यांच्या वेगाशी आपला काही संबंध नाही. पण वयाचा फरक त्यात स्वच्छ दिसतो. 2026 च्या शर्यतीसाठी 34 वर्षांपर्यंतच्या पुरुषांना 2 तास 55 मिनिटं, 50 ते 54 वयाला 3 तास 20, साठीच्या सुरुवातीला 3 तास 50, तर सत्तरी ओलांडली की 4 तास 20 मिनिटं. बायकांना प्रत्येक गटात 30 मिनिटं जास्त. हाच हिशोब घरात लावला तर पोराचा 6 चा पेस मामूंच्या वयात जवळजवळ 7 होतो, तोही वर्षानुवर्षं सराव असलेल्याचा. भाईजानना तर दोनच महिने झाले होते!

असं का होतं? वय वाढतं तसे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात. ढोबळ हिशोब 220 वजा वय असा करतात, म्हणजे विशीतल्या मुलाचे दोनशेच्या आसपास आणि भाईजानचे 168. ठोके कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. त्यात स्नायूही झिजतात. सराव ठेवला तर ही घसरण मंदावते, थांबत मात्र नाही.

हौसेने 5 किलोमीटर पळणाऱ्यांचं म्हणाल, तर विशी-तिशीत साडेपाच ते सात, चाळिशीत सहा ते साडेसात, पन्नाशीत साडेसहा ते साडेआठ आणि साठीनंतर साडेसात ते नऊ किंवा त्याहून जास्त, असा पेस सर्वसाधारण म्हणता येईल. बायकांनी त्यात अर्धा-पाऊण मिनिट मिळवायचं. हे काही पास-नापासाचे मार्क नव्हेत. मी स्वतः सलवार-कुर्त्यात, ओढणी बांधून आठ-सव्वाआठने पळते. मे महिन्यात तोच पेस नऊवर जातो, कारण उकाड्यात शरीर थंड ठेवायलाही हृदयाला राबावं लागतं. रमजानमध्ये रोजा असताना तर घड्याळ घरीच ठेवलेलं बरं.

फौजा सिंग यांनी 2011 मध्ये टोरंटोत शंभराव्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन 8 तास 11 मिनिटांत संपवली. पेस साडेअकराच्याही पुढे. (जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनीजने नोंद घेतली नाही, ती गोष्ट वेगळी.)

आपला पेस बरोबर आहे का, हे ओळखायला अ‍ॅप लागत नाही. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत दम लागत असेल तर वेग कमी करा. चाळिशीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी, त्यातही शुगर-बीपी असेल तर, आधी डॉक्टरांना दाखवा. शुगरच्या काही औषधांवर असताना पळलं की साखर एकदम खाली येऊ शकते, तेव्हा खिशात गोळी-खडीसाखर असू द्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर जागच्या जागी थांबा आणि डॉक्टर गाठा, "गॅस असेल" म्हणून पुढे पळू नका.

भाईजानच्या मोबाइलमधलं अ‍ॅप मीच काढून टाकलं. आता ते मला त्यांच्या लहानपणचे किस्से सांगत पळतात, आणि मैदानाच्या चार फेऱ्यांत एक किस्सा काही संपत नाही.