नवा चेंडू जुना करणारा माणूस

डिसेंबर २००१, मोहाली. इंग्लंडविरुद्धची कसोटी जिंकायला भारताला ५ धावा हव्या होत्या. दीप दासगुप्ताबरोबर सलामीला उतरला आपला इकबाल सिद्दिकी. औरंगाबादचा (तेव्हा शहराचं नाव हेच होतं) मध्यमगती गोलंदाज, आयुष्यातली पहिलीच कसोटी. पाचही धावा त्यानेच काढल्या. पुन्हा कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. आमच्याकडच्या क्रिकेटच्या गप्पा या पाच धावांवर हमखास येऊन थांबतात. त्याच सामन्यात मराठवाड्याचा आणखी एक गडी पदार्पण करत होता, हे सांगायचं मात्र राहून जातं.

तो बीडचा संजय बांगर. बीड औरंगाबादहून सव्वाशे किलोमीटरवर.

महाराष्ट्र आणि मुंबईच्या वयोगटांच्या संघांतून तो खेळला, पण रणजी संघाचं दार दोन्हीकडे बंदच राहिलं. मग रेल्वे. तिथे १९९३-९४च्या हंगामात प्रथम श्रेणीत सुरुवात झाली. त्या काळी रेल्वेचा संघ म्हणजे नोकरी सांभाळून खेळणाऱ्या, इतरांनी नाकारलेल्या पोरांचा जथा. २०००-०१ला हा संघ रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून हरला, पुढच्याच वर्षी त्याच बडोद्याला हरवून त्याने करंडक नेला. डावाची सुरुवात करणं, मधल्या षटकांत मध्यमगती गोलंदाजी टाकणं, ही बांगरची कामं. कसोटीची टोपी मिळाली तेव्हा त्याला एकोणतिसावं वर्ष सरलेलं होतं.

तीन महिन्यांच्या आत नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १०० झाले. तरी त्याची खरी खेळी शतकाची नाही.

ऑगस्ट २००२, लीड्स. मालिकेत भारत ०-१ असा मागे. ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी, आणि गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. वासिम जाफरच्या जागी बांगर सलामीला. सेहवाग ८ धावांवर परतला. समोर हॉगार्ड, कॅडिक, ट्यूडर, फ्लिंटॉफ. इथून पुढे बांगरने जे केलं ते मी अजूनही मधूनमधून चित्रफितीत बघतो, आणि घरातली माणसं उठून जातात. पाय पुढे टाकायचा, ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू डोळ्यांखालून जाऊ द्यायचा, हात शेवटच्या क्षणी वर घ्यायचे. बॅटीला हाव सुटू द्यायची नाही. चेंडू सोडणं म्हणजे काहीच न करणं, असं ज्याला वाटतं त्याने वळणाऱ्या चेंडूसमोर दोन षटकं उभं राहून बघावं. अंगावर, बोटांवर बसत होते ते वेगळेच. २३६ चेंडूंत ६८ धावा. द्रविडबरोबर १७० धावांची भागी.

तो बाद झाला तेव्हा चेंडूची चकाकी गेली होती, गोलंदाज दमले होते. मग तेंडुलकर-गांगुलीने २४९ जोडल्या. द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८. भारत ८ बाद ६२८. दुसऱ्या डावात बांगरने दोन बळीही घेतले. एक डाव आणि ४६ धावांनी विजय. इंग्लंडमध्ये १९८६नंतर भारताने जिंकलेली ही पहिलीच कसोटी.

चार महिन्यांनी न्यूझीलंडच्या हिरव्या खेळपट्ट्यांवर त्याच्या धावा आटल्या आणि बाराव्या कसोटीनंतर विषय संपला. ४७० धावा, ७ बळी.

मराठीत खेळाडू ‘तो’ असतो, प्रशिक्षक झाला की ‘ते’ होतात. २०१४ला बांगर पंजाबच्या आयपीएल संघाचे प्रशिक्षक होते. तो संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या पराभवानंतर त्यांना फलंदाजी बघायला भारतीय संघाच्या ताफ्यात घेतलं. त्या दौऱ्यात कोहलीच्या कसोटीतल्या दहा डावांत मिळून १३४ धावा झाल्या होत्या. २०१८ला तोच कोहली इंग्लंडमध्ये ५९३ धावा करून आला. यातल्या किती बांगरांच्या? हा हिशेब कुणालाच मांडता यायचा नाही, आणि मला तर तो मांडूही नये असं वाटतं. नेटमध्ये पंधरा-अठरा यार्डांवरून चेंडू फेकत राहणाऱ्या माणसासाठी धावफलकावर रकाना नसतो. लीड्सला नव्या चेंडूची धार उतरवून तो पुढच्यांच्या हाती देणं आणि हे काम, यात मला फारसा फरक दिसत नाही. २०१६ला झिम्बाब्वे दौऱ्यात ते मुख्य प्रशिक्षक होते; २०१७ला कुंबळे यांनी पद सोडल्यावर वेस्ट इंडीजमध्ये संघ त्यांनीच सांभाळला. पुढे बंगळूरुच्या आयपीएल संघाचे मुख्य प्रशिक्षकही झाले.

रकाना सापडला तो २०१९ला. मँचेस्टरला विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंडविरुद्ध २४०चं लक्ष्य, ४ बाद २४, आणि धोनी थेट सातव्या क्रमांकावर. १८ धावांनी पराभव. धोनीला मागे कुणी ठेवलं, असा गलका झाला आणि बोट बांगरांकडे गेलं. तो निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. ऑगस्टमध्ये मुख्य प्रशिक्षक शास्त्री राहिले, गोलंदाजीचे भरत अरुण राहिले, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर राहिले. फलंदाजीला विक्रम राठोड आले.

त्या विश्वचषकात रोहित शर्माने पाच शतकं काढली होती.