फुटबॉलचे वाद आणि दहांचा हिशेब

सामना संपतो, पंचाची शिटी वाजते, खेळाडू अंगावरची माती झटकीत कपडे बदलावयास जातात, आणि मग दुसरा सामना सुरू होतो. हा दुसरा सामना मैदानाच्या फाटकाबाहेर, चहाच्या दुकानापुढें, बसच्या रांगेंत आणि घरीं जेवणाच्या पानावरहि खेळला जातो. त्यांत पंच नसतो, वेळेची मर्यादा नसते, आणि हरल्याचें कोणीच कबूल करीत नाहीं. "सेंटर-फॉरवर्ड निकामी आहे," असें एक म्हणतो. "मागची फळी कच्ची आहे," असें दुसरा म्हणतो. "मुळांत मांडणीच चुकली," असें तिसरा. कित्येक पालकांस हा वाद म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो, आणि परीक्षा तोंडावर आली असतां त्यांचें म्हणणें आम्हांसहि नाकारतां येत नाहीं. एरव्हीं मात्र आमचें मत निराळें आहे. जो मुलगा आपल्या आवडत्या संघाच्या मांडणीविषयीं नीट वाद करूं शकतो, तो हिशेब करावयास आणि कार्यामागचें कारण शोधावयास शिकलेला असतो. "नीट" हा शब्द आम्हीं मुद्दाम घातला आहे. बहुतेक वाद नीट होत नाहींत, आणि त्यापायीं एखाद्या माणसाचें सारें आयुष्य कसें करपतें, हें पुढें दिसेलच.

प्रथम शब्दांची फोड करूं. मांडणी म्हणजे खेळाडूंनीं मैदानावर कोठें कोठें उभें राहावयाचें ती योजना. ती आंकड्यांनीं सांगण्याची रीत आहे. ४-३-३ म्हणजे मागें चार, मध्यें तीन व पुढें तीन. गोलरक्षक या गणतींत धरीत नाहींत, कारण त्याची जागा ठरलेलीच असते. डाव म्हणजे ती मांडणी हलूं लागली म्हणजे कोणीं कोणाच्या मदतीस धांवावें, कोणाचा पिच्छा पुरवावा, चेंडू कोणत्या बाजूनें न्यावा, याविषयींचा संकेत. आणि उणीव म्हणजे मांडणीनें ज्याच्यावर जें काम टाकलें, तें त्याच्याकडून पार न पडणें. या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत कीं, डावांतला दोष पुष्कळदां उणीवेच्या रूपानें दिसतो, आणि मग प्रेक्षक त्या एका माणसावर तुटून पडतात.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. वहीच्या पानावर मैदान आंखावें व त्यावर दहा चिंचोके मांडावे. पूर्वींच्या काळीं सर्वत्र २-३-५ ही मांडणी रूढ होती. मागें दोन फुलबॅक, मध्यें तीन हाफबॅक, पुढें पांच फॉरवर्ड. तसेच चिंचोके ठेवा. आतां "मागें एक माणूस वाढवा" असें कोणी म्हणालें, तर चिंचोका पिशवींतून काढावयाचा नाहीं. पानावरचाच उचलावा लागतो. जेथून तो उचलला तेथें भोंक पडतें. संघाची मांडणी सुधारण्याची सूचना करणाऱ्यानें "माणूस कोठून आणला, आणि त्याच्या मोकळ्या जागेंतून शत्रु आला तर काय?" या प्रश्नाचें उत्तर दिलेंच पाहिजे. आमच्या अनुभवास असें येतें कीं, शंभरांतले नव्वद टीकाकार सूचना करतांना अकरावा चिंचोका गुपचूप पानावर ठेवून देतात.

हा हिशेब जाणत्या लोकांसहि किती जड गेला, याचें एक उदाहरण इंग्लंडांतलें आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम असा होता कीं, पुढच्या खेळाडूकडे चेंडू मारला जातांना तो खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी, गोलरक्षक धरून, असले पाहिजेत. त्यामुळें एक फुलबॅक थोडा पुढें सरकला तरी प्रतिपक्षाची संपूर्ण फळी ऑफसाइड ठरे, आणि हिशेब चुकलाच तर दुसरा फुलबॅक मागें असेच. खेळ इतका अडकून पडूं लागला कीं, १९२५ सालीं तीनांच्या जागीं दोन असा बदल करण्यांत आला. परिणाम तत्काळ दिसला. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्यें आदल्या हंगामांत सुमारें ४,७०० गोल झाले होते, ते पुढच्या हंगामांत सुमारें ६,३७० झाले.

त्याच वर्षीं हर्बर्ट चॅपमन हे लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक झाले होते. ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं त्यांचा संघ न्यूकॅसलकडून ७–० असा हरला. संघांतला अनुभवी खेळाडू चार्ली बकन यानें आग्रह धरला कीं, सेंटर-हाफला मागें ओढून दोन फुलबॅकांच्या मध्यें उभें करावें. हें झालें अर्धें उत्तर, आणि येथवर कोणीहि येऊं शकला असता. परंतु सेंटर-हाफ मागें गेल्यावर मैदानाचा मध्यभाग ओस पडतो, हें ओळखून पुढच्या पांचांपैकीं एकास तेथें उतरवावें, असेंहि ठरलें. हें काम आपणांस मिळावें अशी बकनची इच्छा होती. पण त्याचे गोल पुढेंच हवे आहेत म्हणून चॅपमन यांनीं तें अँडी नील या फारसें नांव नसलेल्या खेळाडूस दिलें. दोनच दिवसांनीं वेस्ट हॅमविरुद्ध आर्सेनलनें ४–० असा जय मिळविला. ही मांडणी पुढें पक्की झाली तेव्हां ती वरून पाहिली असतां इंग्रजी डब्ल्यूखालीं एम लिहिल्यासारखी दिसे, आणि तेंच तिचें नांव पडलें.

मांडणी कागदावर एक असते आणि डावानें ती दुसरीच होते, हें १९५३ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडला कळून आलें. हंगेरीनें वेम्ब्लीवर इंग्लंडचा ६–३ असा पराभव केला. हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड हिदेगकुती आपल्या जागेवर न राहतां मागें उतरून खेळला. त्याच्यावर नेमलेल्या इंग्रज सेंटर-हाफनें त्याच्या मागें जावें तर गोलसमोरची जागा उघडी पडे, न जावें तर हिदेगकुती मोकळा सुटे. त्यानें स्वतः तीन गोल केले. आतां त्या बिचाऱ्या सेंटर-हाफला दोष देऊन काय उपयोग? त्याच्यापुढें ठेवलेल्या दोन्ही वाटा वाईटच होत्या.

आतां आम्ही ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतों.

१९५० सालीं जागतिक चषकाचे सामने ब्राझील देशांत झाले. भारतासहि त्यांत जागा मिळाली होती, परंतु आपला संघ गेला नाहीं. शेवटच्या फेरींत चार संघ होते. ब्राझीलनें स्वीडनवर ७–१ आणि स्पेनवर ६–१ असे विजय मिळविले. असे विजय मिळत असतांना संघाच्या उणीवांविषयीं बोलणाऱ्याकडे कोण लक्ष देणार? १६ जुलै रोजीं रिओ शहराच्या मारकाना मैदानावर उरुग्वेशीं शेवटचा सामना होता, व ब्राझीलला विजेतेपदासाठीं नुसती बरोबरी पुरे होती. प्रेक्षक सुमारें दोन लक्ष होते. दुसऱ्या डावाच्या आरंभींच ब्राझीलनें पहिला गोल केला. ६६ व्या मिनिटास उरुग्वेच्या घिजिया नांवाच्या उजव्या विंगवरच्या खेळाडूनें ब्राझीलच्या बिगोदेस मागें टाकलें, चेंडू गोलसमोर दिला आणि स्कियाफिनोनें तो आंत घातला. ७९ व्या मिनिटास घिजिया त्याच वाटेनें, त्याच बिगोदेला चुकवून आला. गोलरक्षक बार्बोसा यास वाटलें कीं, हा मघांसारखाच चेंडू मध्यें देईल. म्हणून तो किंचित् त्या बाजूस सरला. घिजियानें चेंडू मध्यें न देतां बार्बोसा व जवळचा खांब यांमधल्या फटींतून थेट गोलांत मारला. सामना उरुग्वेनें २–१ असा जिंकला.

संपूर्ण देशानें त्यानंतर जो वाद घातला त्याचा निकाल एका वाक्यांत लागला: दोष बार्बोसाचा. त्याच्याबरोबर बिगोदे व जुवेनाल यांचींहि नांवें घेतलीं गेलीं. हे तिघेहि कृष्णवर्णी होते, आणि दोष वांटतांना त्यांच्याच वांट्यास तो येण्यांत वर्णद्वेषाचा हात होता, असें तेथील विचारी लोकांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. बार्बोसा २००० सालीं वारला. आपल्या देशांत मोठ्यांत मोठ्या गुन्ह्याची शिक्षा तीस वर्षें, मीं मात्र पन्नास वर्षें भोगली, असें तो म्हातारपणीं म्हणत असे.

आतां आपण चिंचोके मांडून पाहूं. तेरा मिनिटांपूर्वीं ज्या वाटेनें चेंडू मध्यें येऊन गोल झाला, त्या वाटेनें पुन्हा तोच गडी येत असतां गोलरक्षकानें मधली बाजू संभाळावी, ही त्याची समज वेडेपणाची नव्हती. खांबाजवळची फट राहिली हें खरें. परंतु विचारावयाचा प्रश्न निराळा होता. पहिला गोल झाल्यावर बिगोदेच्या मदतीस कोणास पाठविलें? बरोबरी पुरत होती. पुढें गोल करणारे गडी भरपूर होते. त्यांतला एक चिंचोका डाव्या कोपऱ्याकडे सरकविला असता तर पुढची धार थोडी बोथट झाली असती, पण ती वाट बंद होऊं शकली असती. हा प्रश्न मांडणीचा व डावाचा, म्हणजे सगळ्या संघाचा होता. बार्बोसा उभा होता तो त्या वाटेच्या अगदीं शेवटच्या टोंकास. गोलरक्षकाच्या मागें जाळें असतें, म्हणून इतर दहांच्या चुका त्याच्या नांवावर जमा होतात. १९५८ सालीं ब्राझील स्वीडनमध्यें विजयी झाला तेव्हां त्याच्या मागच्या फळींत चार गडी होते, आणि डाव्या विंगवरचा झागालो गरज पडतांच मागें धांवून येत असे.

याच्या उलट, माणूस कोठून उचलावा याचा धीट विचार आपल्याच देशांत एकानें केला. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशानें मूळचे शाळामास्तर. (हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनीं क्षम्य मानावा.) मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या सामन्यांत १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वेळां जिंकणारा हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांच्याच हाताखालचा, तेव्हां आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या आजोबांनीं त्यांचा हिशेब कूपरेजवर प्रत्यक्ष पाहिलाहि असेल. १९६२ सालीं जकार्ता येथील एशियाई क्रीडांत ते भारतीय संघाचे शिक्षक होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २–० असा गमावला. पुढें थायलंडशीं जय मिळाला, पण मागच्या फळीचा कणा जो जर्नेल सिंग, त्याच्या डोक्यास मोठी जखम होऊन टांके पडले. पुढचा सामना जपानशीं झाला, तोहि २–० असा जिंकला. उपांत्य सामन्याच्या वेळीं रहीमसाहेबांनीं या जखमी फुलबॅकास सेंटर-फॉरवर्डच्या जागीं उभें केलें. कॉलेजांत असतांना तो पुढें खेळलेला होता, हें त्यांच्या ध्यानांत होतें.

वाचकहो, ही बातमी त्या दिवशीं फाटकाबाहेरच्या मंडळींस कळली असती तर काय गहजब झाला असता, याची कल्पना करा. संघांतला सर्वांत भक्कम राखणदार मागून काढावयाचा, तोहि डोक्यास पट्टी बांधलेला! पण रहीमसाहेबांच्या मनांत भोंक भरण्याचीहि तजवीज होती. मागें अरुण घोष यांच्यासारखे भरंवशाचे गडी होते, तर पुढें आडदांड राखणदारांशीं टक्कर देणारा माणूस हवा होता. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३–२ असा जिंकला. त्यांत जर्नेल सिंगचा एक गोल होता. हें यश मिळालें म्हणूनच निर्णय बरोबर ठरतो, असें आम्ही म्हणत नाहीं. तो सामना एखाद्या चेंडूच्या उसळीनें हरला असता तरी विचार तोच राहिला असता, आणि टीकाकारांनीं मात्र त्यास वेडेपणा म्हटलें असतें. निकालावरून मागें तर्क चालविणें सोपें आहे. शिटी वाजण्यापूर्वीं दोन्ही बाजूंची किंमत मोजणें हें कठीण.

अंतिम सामना ४ सप्टेंबर १९६२ रोजीं पुन्हा दक्षिण कोरियाशींच होता. राजकीय कारणावरून प्रेक्षक भारतावर रुष्ट होते व लाखभर लोक विरुद्ध बाजूनें ओरडत होते. आणखी एक पेंच होता. उंचापुरा गोलरक्षक पीटर थंगराज आजारी पडल्यामुळें उपांत्य सामन्यांत प्रद्युत बर्मन खेळला होता, आणि तो सामना जिंकलेलाहि होता. जिंकलेला संघ बदलूं नये, हा फाटकाबाहेरच्या पंडितांचा आवडता सिद्धांत. रहीमसाहेबांनीं तो मानला नाहीं. थंगराजला परत आणलें. सतराव्या मिनिटास पी. के. बॅनर्जी यांनीं गोल केला, विसाव्यास जर्नेल सिंगनें. सामना संपावयास थोडीं मिनिटें असतां कोरियानें एक गोल फेडला. त्यापुढें मात्र भारतानें चेंडू आंत येऊं दिला नाहीं. सुवर्णपदक मिळालें. रहीमसाहेब पुढल्याच वर्षीं जून महिन्यांत वारले. त्यानंतर एशियाई क्रीडांत फुटबॉलचें सुवर्णपदक भारतास मिळालेलें नाहीं. १९७० सालीं कांस्यपदक मिळालें, तेवढेंच.